रामोनचं बारसं

“मंगलला आत ने! बघत काय उभी राहिलीस, आत ने आधी तिला!”

काकू दुकानाच्या पायरीवरून ओरडली तेव्हा टांगा धड थांबलासुद्धा नव्हता. माझ्या हातात कुणाचं तरी पोलकं होतं. सुई तशीच कापडात टोचली, उठले, आणि मंगलच्या दंडाला धरायला पुढं केलेला हात माझा मीच मागं घेतला. मंगल ही काकूची मुलगी, माझी चुलतबहीण. बाळंतपणाला माहेरी आलेली. आणि पोटुशी बाईला मी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा.

“चल गं मंगे,” मी नुसतंच म्हणाले.

मंगल गेली, पण मान मागं वळवून वळवून बघत गेली. तिला बघायचं होतं ते टांग्यातून उतरत होतं. माझा सख्खा भाऊ, नामदेवदादा, कितीतरी वर्षांनी कऱ्हाडला घरी येत होता, आणि त्याच्या छातीशी शालीत गुंडाळलेलं तान्हं मूल होतं.

काकूनं भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या तयारच ठेवला होता. पण ओवाळायच्या आधी म्हणाली, “नामू, ते मूल दे तिच्याकडं.”

तिच्याकडं म्हणजे माझ्याकडं. असलं मूल असलीनंच धरावं, असा तिचा हिशेब. दादानं बाळ माझ्या हातात दिलं. काकूनं दादावरून तुकडा ओवाळून टाकला, पाणी फिरवलं, त्याच्या गालांवरून हात उतरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडली. बाळावरून काही ओवाळलं नाही. ते बिचारं माझ्या हातात टकामका बघत होतं. काळेभोर केस, आणि पापण्या तर अशा लांब की मी म्हटलं, अगं बाई, हा मुलगा आहे की मुलगी!

“नाव काय रे ह्याचं?”

“रामोन,” दादा म्हणाला. “रामोन नोनातो.”

“हे कसलं नाव?”

“तिकडचं आहे. स्पेनमधलं. जुनं नाव आहे, पोरांना ठेवतात.”

“अर्थ काय त्याचा?”

दादानं माझ्याकडं बघितलं, आणि लगेच टांग्यातली ट्रंक उतरवायला वळला. “सांगतो नंतर,” म्हणाला.

नावाचा अर्थ विचारायची मला खोडच आहे. कारण माझ्या नावाचा कुणाला विचारावा लागत नाही. माझं नाव नकुसा. आमच्या साताऱ्याकडं पोरींना ठेवतात हे नाव, नको असलेली. एरवी मुलीमागून मुलगी झाली की ठेवतात, मला वेगळ्या कारणानं मिळालं. मी जन्मले आणि आई गेली. आजीनं म्हणे माझं तोंड बघायच्या आधीच नाव सांगून टाकलं होतं. पुढं आजी गेली, बाबा गेले, काका गेले. काकूनंच आम्हाला दोघांना वाढवलं. तिनं मला उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, शिवण शिकवलं, काकांच्या माघारी दुकान माझ्या हातात दिलं. खोटं कशाला बोलू? पण हळदीला मी नाही, डोहाळजेवणाला मी नाही, बारशाला तर नाहीच नाही. दुकानात परकरपोलकी, शर्ट, उशांचे अभ्रे सगळं माझ्या हातचं जायचं. तान्ह्याची झबली-कुंची मात्र काकू शिवायची. गिऱ्हाईकच तसं सांगायचं, ‘हे तेवढं काकूंच्या हातचं द्या हं.’ लग्नाची स्थळं यायची, पांढऱ्या पायाची आहे असं कानावर पडलं की चहा पिऊन निघून जायची. मी बत्तीस वर्षांची झाले तोवर यायचीही थांबली होती.

आणि आता आमच्या घरात तसलंच दुसरं आलं होतं.

दादा बोटीवर फिटर होता. एकदा त्यांची बोट दुरुस्तीला व्हॅलेन्सिया नावाच्या बंदरात लागली, आणि तिथल्याच गोदीत त्याला काम मिळालं. तिथं त्यानं लग्न केलं. बायकोचं नाव आंपारो. लग्नाचा एक फोटो आला होता. तो काकूनं देव्हाऱ्यात ठेवला नाही पण फेकलाही नाही, पत्र्याच्या डब्यात बटणांखाली ठेवला. मग तार आली. आंपारो बाळंतपणात गेली, मुलगा जगला. त्या दिवसापासून काकू मंगलच्या खोलीचं दार लोटून ठेवायला लागली होती.

जेवताना दादानं विषय काढला. “काकू, मला परत बोटीवर रुजू व्हायचंय. सासू थकली आहे, तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. ह्याला इथं ठेवायला आणलंय. नकू सांभाळेल.”

काकूनं वाढायचं थांबवलं. “नामू, तुझं लेकरू ते माझं नातवंड. पण मंगलचं एक पाचव्या महिन्यात गेलं आणि एक जन्मलं तेच निळं. हे तिसरं आहे. हिच्या दारात मी असलं मूल कसं ठेवू? तूच सांग.”

“असलं म्हणजे?”

“आईला खाऊन आलेलं.”

दादा उठला आणि हात धुवायला गेला. ताटात भात तसाच होता. मी बाळाला मांडीवर घेऊन दुकानाच्या उंबऱ्याशी बसले होते. मला जेवण जात नव्हतं, कारण ते शब्द मी ओळखत होते. सगळ्यात आधी ते मी दादाच्याच तोंडून ऐकले होते. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला चालता यायला लागलं तेव्हापासून भांडण झालं की म्हणायचा, ‘तूच खाल्लंस माझ्या आईला.’ भांडण नसलं तरी म्हणायचा.

काकूनं तोडगा सांगितला. गावाबाहेर मिशनवाल्यांचं एक बालगृह होतं. मंगल सुटेपर्यंत मूल तिथं ठेवायचं. आणि मंगल सुखरूप सुटली तर मग पुढचं पुढं बघू. दादानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तोवर बाळाचा मुक्काम दुकानात. मधलं दार लावलेलं. मी मशिनीच्या पायाशी घडीची गोधडी घालून त्याला निजवायचे, पायडल मारायला लागले की मशिनीच्या आवाजानं तो शांत व्हायचा, थांबले की भोकाड. त्यामुळे त्या आठवड्यात माझी शिवण झाली भरपूर! दुधाची बाटली, लंगोट, अंघोळ, सगळं मीच. मला काही येत नव्हतं. तान्हं मूल मी त्याआधी कधी धरलेलंच नव्हतं, कुणी धरू दिलं तर ना! मान कशी सावरायची ते समोरच्या भाजीवालीनं लांबूनच ओरडून सांगितलं.

मधल्या दाराआड कधीकधी बांगड्या वाजायच्या. मंगल तिथं उभी राहून ऐकायची. एकदा हळूच म्हणाली, “नकुताई, रडतोय का गं तो?”

“भूक लागलीय त्याला.”

“माझ्यामुळं जाणार ना तो तिकडं?”

“तुझ्यामुळं कशाला? तू तुझं बघ. पडून राहा.”

“मला लई भ्या वाटतंय ताई,” ती म्हणाली, आणि काकूची चाहूल लागली तशी बांगड्या सावरत निघून गेली.

काकू गुरुजींना विचारून आली. गुरुजी भले माणूस. त्यांनी शांत करायला सांगितली, आणि म्हणाले, नाव परकं वाटत असेल तर रमण ठेवा, चांगलं आपल्यातलं नाव आहे, कुणाला काही कळणारही नाही. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. पण दादा हटून बसला.

“रामोनच.”

“अरे, एवढुसा तर फरक आहे,” मी म्हटलं. “काकू एवढ्यावर राजी झाली तर पोरगं घरात राहील. तुला नाव महत्त्वाचं की मूल?”

“रामोन नोनातो. दुसरं काही नाही.”

“का पण? कुणा आजोबाचं आहे का? नवस आहे का काही?”

“नकू, तुला सांगायचं म्हटलं की माझं तोंड उघडत नाही गं,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणालाही सांगेन. तुलाच नाही जमत.”

मला राग आला. माझं असंच आहे, जीव कळवळला की आधी राग येतो. “मग नको सांगूस! जा तुझ्या बोटीवर. पोरगं बालगृहात जाईल, तिथं त्याला काय हाक मारतील ती मारतील.” मी मशीन जोरात मारली.

त्याच दुपारी मी एक गोष्ट केली. पिवळ्या खणाचा तुकडा शिल्लक होता, त्याची कुंची बेतली. बाळाच्या डोक्याला लावून मापून बघत होते तेवढ्यात काकू मधलं दार उघडून आली. तिनं कुंची बघितली, माझा हात बघितला, आणि खाली बसली. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही.

“तुझी आई माझ्या मांडीवर गेली,” ती म्हणाली. “माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सुईण म्हणाली, हिला धर, म्हणून मी धरली. मला काय कळत होतं? रक्त थांबेना. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिला सांगत होते, जाऊबाई, झालं आता, झालं. तू तिथंच पडून टाहो फोडत होतीस. अजून तान्ह्याचं रडणं ऐकलं की मला तेच दिसतं. मी दुष्ट आहे म्हणून हे करत नाही गं नकू. माझी पोर आहे आत.”

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. तरी माझी जीभ! मी म्हणालेच, “आणि मी कुणाची पोर होते काकू?”

ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि आत गेली. पण कुंची उसवायला लावली नाही.

शेवटी बारसं ठरलं. म्हणजे काकूनं ठरवलं. रमण नको असेल तर जुन्या रीतीनं करायचं. अपशकुनी मुलाला सुपात घालतात, सुपात केर टाकतात, आणि परक्या बाईनं पसाभर जोंधळे देऊन ते मूल विकत घ्यायचं, जसं काही उकिरड्यावर सापडलं. मग त्याचं नाव केरू. असल्या नावाच्या पोराकडं कुणाची वाईट नजर जात नाही, आणि त्याच्या पायगुणाचाही जोर राहत नाही, असं म्हणतात. नाव ठेवून झालं की दुसऱ्याच दिवशी बालगृह. दादानं फक्त मान डोलावली. मला त्याचा इतका संताप आला की मी त्याला दोन दिवस चहासुद्धा दिला नाही.

खरं तर बारशात नाव सांगायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात ती नाव सांगते, आणि बाकीच्या बायका ‘कुर्रर्र’ करून तिच्या पाठीत धपाटे घालतात. मी त्याची सख्खी एकुलती एक आत्या. पण काकूनं लांबच्या नात्यातल्या शेवंताबाईंना बोलावलं. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, “तू तिथंच शिवणाशी बस. पाळण्याजवळ येऊ नकोस आज.”

“सुपाजवळ म्हण काकू. पाळणा कुठं आहे?”

ती चटई आणायला आत गेली.

गल्लीतल्या चार बायका आल्या. दुकानातलं कापड बाजूला सारून चटई घातली. मधलं दार लावलेलं, आत मंगल. शेवंताबाईंनी सुपात चिमूटभर केर टाकला, वर बाळाला ठेवलं. त्याच्या डोक्याला मी शिवलेली पिवळी कुंची होती. तो हसत होता. तेवढं एक मला बघवेना, तो हसत होता हो. पसाभर जोंधळे काकूच्या ओच्यात पडले. शेवंताबाई वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

“थांबा,” दादा म्हणाला.

तो कोपऱ्यात उभा होता. पुढं आला, खाली बसला, आणि त्यानं बाळाला सुपातून उचललं. कुंचीला लागलेला केर बोटांनी एक एक करून काढला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

“काकू, तुला हे नाव परकं वाटतं ना? कशाचं आहे ते ऐक. नकू, तूपण ऐक.” तो माझ्याकडं बघत नव्हता, बाळाकडं बघून बोलत होता. “आंपारो गेल्यावर डॉक्टरांनी तिच्या पोटातून ह्याला काढला. ती आधी गेली, हा नंतर आला. मला नर्सनं आणून दाखवला. मी बघितला नाही. किती दिवस मी ह्याचं तोंड बघितलं नाही. मी हेच म्हणत होतो, हा खाऊन आला तिला.”

काकूच्या ओच्यातले जोंधळे चटईवर सांडले.

“मग सासूनं एक दिवस मला हाताला धरून त्यांच्या देवळात नेलं. म्हातारीला दिसत नाही, पण रस्ता पाठ. तिथं एका साधूची मूर्ती आहे, पांढऱ्या झग्यातली. सात-आठशे वर्षांमागचा माणूस. त्याचं नाव रामोन. ती म्हणाली, हा आईच्या पोटात असताना आई मेली, आणि मेलेल्या आईच्या पोटातून ह्याला जिवंत काढला. म्हणून लोक त्याला नोनातो म्हणायला लागले. नोनातो म्हणजे न जन्मलेला.”

“अगं बाई!” शेवंताबाई पुटपुटल्या. “न जन्मलेला! असलं कुणी ठेवतं का नाव?”

“मीपण तेच म्हणालो. तर सासू म्हणाली, बघ तिथं कोण उभं आहे. मी बघितलं. मूर्तीच्या पुढं सगळ्या पोटुश्या बाया. कुणाला चौथा, कुणाला नववा. मेणबत्त्या लावत होत्या, कुणी पोटाला हात लावून डोळे मिटून उभी होती. काकू, तिकडं बाई गरोदर राहिली की ह्याच्याकडं जाते. सुइणी ह्याला मानतात. कुणाचं बाळंतपण अडलं तर घरातली माणसं ह्याचं नाव घेतात. ज्याची आई बाळंतपणात गेली, त्यालाच त्यांनी सगळ्या आयांचा राखणदार केलाय.” दादानं बाळाची कुंची सारखी केली. “तिथल्या पाद्रीबाबांनी सांगितलं, रामोन हे नाव त्याहूनही जुनं आहे, कुठल्याशा जुन्या जर्मन बोलीतून आलेलं. शहाणपणानं राखण करणारा, असा त्याचा अर्थ. आपण शिंपी नाही का, घरात एक तरी नामदेव ठेवतोच, तसं ते आपल्या संताचं नाव पोरांना ठेवतात. आणि असा जन्मलेला पोरगा असेल तर त्याला हेच.”

शेवंताबाईंनी सूप बाजूला सारलं.

“आंपारो सासूची एकुलती एक मुलगी होती,” दादा म्हणाला. “शिव्या द्यायच्या होत्या तर तिनं द्यायच्या होत्या ह्याला. तिनं ह्याला मांडीवर घेतलं, चाचपून ह्याचं नाक-डोळे बघितले आणि हे नाव ठेवलं. मी तिला म्हणालो, आमच्याकडं असल्या पोराला पांढऱ्या पायाचं म्हणतात. तिला त्याचा अर्थच कळेना. कितीदा सांगितलं तरी कळेना. म्हणाली, पण आई तर त्याचीच गेली ना? सगळ्यांत जास्त नुकसान त्याचं झालं ना?” आता त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते. “मी सात वर्षांचा होतो नकू. तुझीही गेली होती. मला वाटायचं फक्त माझी गेली.”

मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. इतक्या वर्षांचं सगळं वर आलं आणि तोंडातून निघालं ते असं, “एवढं कळायला तुला बोटीत बसून स्पेनपर्यंत जावं लागलं होय रे?”

“लागलं,” दादा म्हणाला.

मधलं दार करकरलं. मंगल दारात उभी होती, एक हात चौकटीला, एक पोटावर.

“मंगल! आत जा!” काकू उठली.

मंगल हलली नाही. “दादा, खरंच पोटुश्या बाया त्याच्याकडं जातात?”

“हो.”

“काय मागतात?”

“बाळ नीट बाहेर येऊ दे. आणि मीपण राहू दे, एवढंच.”

“मीपण तेच मागते,” मंगल म्हणाली. “रोज मागते. कुणाकडं मागायचं तेच कळत नाही.” ती पुढं आली आणि चटईवर बसली, अवघडून, पाय एका बाजूला घेऊन. “दे त्याला इकडं.”

“मंगे, ऐक माझं,” काकूचा आवाज फुटला. “तुझी दोन गेलीत गं. मी तुझ्या पाया पडते.”

“दोन गेली तेव्हा घरात कुठलं बाळ होतं आई?” मंगल म्हणाली. “नकुताईनं मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. तरी गेली. मग कुणाच्या पायगुणानं गेली ती?”

काकू मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाला लावून. दादानं बाळ मंगलच्या हातात दिलं. तिला मांडी अशी उरलीच नव्हती; बाळ तिच्या पोटाला टेकून बसलं आणि त्यानं तिच्या मंगळसूत्राला मूठ घातली.

“नकुताई, ये. नाव सांग.”

“शेवंताबाई सांगतायत ना.”

“आत्या कोण आहे त्याची? तू की त्या?”

शेवंताबाई स्वतःच बाजूला सरकल्या. म्हणाल्या, “ये गं बाई, तुझा मान आहे.” मी शिवणाशी बसले होते तिथून उठले. मी वाकले. त्याच्या कानाला दुधाचा वास येत होता. मी सांगितलं, “रामोन. रामोन नोनातो.” आणि तशीच वाकून राहिले, कारण आता धपाटे बसायचे होते आणि बसत नव्हते. बायका घुटमळत होत्या, माझ्या अंगाला हात लावायचा की नाही.

“मारा की! बघत काय बसलात?” मंगल ओरडली. “आत्याला फुकट सोडायची असते होय?”

तेव्हा पहिला धपाटा बसला, बहुतेक भाजीवालीचा, चांगला सणसणीत. मग दुसरा, तिसरा. कुर्रर्र, कुर्रर्र. आणि तेव्हा मला रडू आलं, हुंदके देऊन, पाठीत मार खात. बायकांना वाटलं जोरात लागलं, त्या हसायला लागल्या.

मी सरळ व्हायला गेले तर मंगलनं माझं मनगट धरलं. मला कळायच्या आत तिनं माझा तळवा आपल्या पोटावर ठेवला. लुगड्याच्या कापडाखालून पोट गरम लागलं, घट्ट, आणि त्याच्या आत काहीतरी सावकाश हललं. असं असतं ते मला माहीत नव्हतं. मी सवयीनं चटकन हात मागं ओढला आणि उंबऱ्याकडं बघितलं.

काकू माझ्याकडंच बघत होती.

“असू दे नकू,” ती म्हणाली. “ठेव हात. काढू नकोस.”